अँपिअरचा हिशेब: भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतली वीजमोजणी

दरवर्षी ऑगस्टच्या आगेमागे पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: भाटघर धरण भरले, 45 स्वयंचलित दरवाजे उघडले, नीरा नदीत विसर्ग सुरू. विसर्ग किती, ते क्युसेकमध्ये नेमके छापलेले असते. सुमारे साडेतेवीस टीएमसी साठ्याच्या या धरणातून किती पाणी सुटले, हे शंभर वर्षांपूर्वीचा इंजिनिअरही सांगू शकत होता. पण तेच पाणी कालव्यातून चारीत, चारीतून पाटात आणि पाटातून उसाच्या सरीत शिरले की त्याचा हिशेब थांबायचा. शेतकऱ्याने किती पाणी घेतले, हे सरकार मोजत नव्हते. पीक कोणते आणि एकर किती, एवढे पाहून पाणीपट्टी लागायची.

यात अडाणीपणा नव्हता, व्यवहार होता. धरणाच्या तोंडाशी एक मोजपट्टी पुरते, शेताच्या तोंडाशी हजारो लागतात. त्या बसवायच्या, राखायच्या आणि वाचायच्या, तर खर्च पाणीपट्टीच्या वर जाणार. म्हणून मोठा प्रवाह मोजायचा आणि छोट्या प्रवाहाचा अंदाज बांधायचा, अशी वहिवाट पडली. पुढे याच खोऱ्यांत वीज आली तेव्हा तिच्या बाबतीतही हेच झाले. मोजणारे यंत्र केवढे, कितीचे आणि ते वाचायला कोण जाणार, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी ठरवले की कोणाची वीज मोजली जाईल आणि कोणाची नुसती धरली जाईल. भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांतून पाहिले, तर विद्युतप्रवाहाच्या मोजणीचा इतिहास हा असा आहे.

धरणे इथली, पाणी तिकडचे

भाटघरचे पहिले धरण वेळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. कार्यकारी अभियंता व्हायटिंग यांच्या नावावरून त्याच्या जलाशयाला 'लेक व्हायटिंग' म्हणत. नीरेच्या डाव्या कालव्याला ते पाणी पुरवी. पुढे ते अपुरे पडू लागले, आणि 1912 नंतर त्याच्याजवळ नवे, उंच दगडी धरण उभे राहू लागले. ते पुरे व्हायला 1928 साल उजाडले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांचे नाव त्याला मिळाले. आज जलाशय येसाजी कंक यांच्या नावाने ओळखला जातो.

भोर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान होते. 8 मार्च 1948 रोजी ते विलीन झाले. धरणाने बुडवली ती वरच्या खोऱ्यातली भातखाचरे. भिजली ती खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडची जमीन. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर 'ब्लॉक पद्धत' आणली. कोणत्या गटात ऊस, कोणत्या गटात हंगामी पिके, हे आधी ठरवून पाण्याची वाटणी करायची, अशी ती योजना. तिचा पायाही क्षेत्र हाच होता. प्रत्येक शेताच्या तोंडाशी मापक बसवण्याऐवजी एकरांचा हिशेब करून पाणी आवरण्याचा तो शहाणा मार्ग होता.

शेजारच्या मुळशी खोऱ्यात टाटांनी धरण बांधले, ते मात्र विजेसाठी. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा 1921 ते 1924 चा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा. त्या पाण्यावर भिरा येथे तयार झालेली वीज 1927 पासून मुंबईला जाऊ लागली. सह्याद्रीचा पाऊस, मावळची जमीन आणि मुंबईच्या गिरण्या अशी ती साखळी होती. तारांखालच्या गावांत मात्र रॉकेलचे दिवेच जळत राहिले.

भोर-वेल्ह्यातल्या धरणांच्या पायथ्याशी वीजनिर्मिती आली ती स्वातंत्र्यानंतर. भाटघरला 16 मेगावॅटचे जलविद्युत केंद्र झाले. वेल्हे तालुक्यात आंबी नदीवरचे पानशेत 12 जुलै 1961 रोजी फुटले आणि पुणे बुडाले. ते नव्याने बांधले गेल्यावर तिथे आणि मोसे नदीवरच्या वरसगावला प्रत्येकी 8 मेगावॅटची केंद्रे उभी राहिली. नीरा देवघर आणि गुंजवणी ही धरणे त्यानंतरची. वेल्हे तालुक्याला अलीकडे राजगड हे नाव मिळाले आहे.

वीज केंद्रात प्रवाह मोजणे परवडते, कारण तिथे मोजायचा आकडा प्रचंड आणि यंत्र एकच. 16 मेगावॅट वीज 11 हजार व्होल्टवर वाहून न्यायची, तर प्रत्येक फेजमधून साधारण 840 अँपिअर जातात. एवढा प्रवाह कोणी थेट अँमीटरमधून नेत नाही. त्या जाड पट्टीभोवती करंट ट्रान्सफॉर्मर बसवतात. वायरमनच्या भाषेत तो सीटी. 1000 ला 5 या प्रमाणाचा सीटी असेल, तर पट्टीतल्या 1000 अँपिअरसाठी त्याच्या वळणांतून 5 अँपिअर निघतात आणि पॅनलवरचे मीटर तेवढेच हाताळते. मुख्य पट्टी चालू असताना सीटीची दुसरी बाजू कधी उघडी सोडायची नाही, हा सबस्टेशनमधला पहिला धडा. उघडी राहिली तर तिच्या टोकांवर जीवघेणा दाब तयार होतो.

जस्ताची तकटे ते फिरती चकती

तारेतून प्रवाह गेला की जवळची चुंबकसुई हलते, हे 1820 मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवले. त्याच वर्षी तारेची वेटोळी करून हा परिणाम वाढवण्याची युक्ती निघाली. प्रवाह आहे की नाही, आणि कमी आहे की जास्त, एवढे त्यातून कळू लागले. विकलेल्या विजेचे बिल करायचे, तर मात्र महिनाभराची बेरीज हवी. एडिसनने 1880 च्या दशकात ती रसायनाने केली. ग्राहकाच्या घरी जस्ताच्या द्रावणाची बरणी, तीत जस्ताची तकटे. मुख्य प्रवाहाचा अगदी लहान हिस्सा बरणीतून जाई. एका अँपिअर-तासाला साधारण 1.22 ग्रॅम जस्त एका तकटावरून सुटून दुसऱ्यावर चढते, हा निसर्गाचा ठरलेला दर. महिन्याने माणूस येऊन तकटे काढी, तराजूत तोली आणि बिल करी. ग्राहकाला त्यातले काही वाचता येत नसे. कंपनीने सांगितलेले वजन मुकाट्याने मान्य करायचे, एवढेच त्याच्या हाती होते.

प्रत्यावर्ती विजेसाठी उपाय सापडला तो इटलीच्या गॅलिलिओ फेरारिसच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्रातून. 1889 मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या ओटो ब्लाथीने त्यावर आधारलेले मीटर बनवले. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी दारामागे पाहिलेला काळा डबा त्याचाच वंशज. आत ॲल्युमिनियमची पातळ चकती. एका गुंडाळीला घरातला दाब, दुसरीतून घराचा प्रवाह. दोन्हींच्या चुंबकत्वाने चकतीत भोवरे उठतात आणि ती फिरू लागते. एक कायमचा चुंबक तिला लगाम घालतो, म्हणून वेग वापराच्या प्रमाणात राहतो. चकतीच्या काठावरची तांबडी खूण किती वेळा समोरून गेली, ते दातेरी चाके मोजतात. इस्त्री लावली की 'मीटर पळतोय' म्हणून आई ओरडायची, ती ही चकती.

हे यंत्र पन्नास वर्षे टिके, वाचायला सोपे होते आणि ग्राहकाच्या डोळ्यांसमोर फिरे. 1910 च्या भारतीय वीज कायद्याने मीटर बरोबर असण्याची अट घातली होती आणि तक्रार विद्युत निरीक्षकाकडे नेण्याची सोयही ठेवली होती. पण त्याच्या आत घड्याळजीच्या तोलाचे काम असे. बेअरिंग, चुंबक, गुंडाळ्या, काचेची खिडकी, शिक्का. ते सरळ उभे टांगावे लागे आणि वेळोवेळी तपासावे लागे. तीन फेजचे मीटर तर चांगलेच वजनदार आणि महाग. शहरातल्या घराला हा खर्च पेलत होता. डोंगरातल्या विहिरीवरच्या पंपाला पेलेल का, हा प्रश्न वीज मंडळासमोर लवकरच आला.

एचपीवर बिल

मुंबई राज्याचे वीज मंडळ 1954 मध्ये स्थापन झाले आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ 20 जून 1960 रोजी. पुढच्या दोन दशकांत राज्यभर खांब उभे राहिले आणि शेतीपंपांच्या जोडण्या झपाट्याने वाढल्या. सुरुवातीला पंपांनाही मीटर होते. पण मीटर म्हणजे तो वाचणारा माणूस आला. रस्त्यापासून तासाभराच्या पायवाटेवरची विहीर, ओढ्याकाठची मोटर, धरणाच्या फुगवट्यालगत बसवलेला पंप. पावसाळ्यात तर वेल्ह्याच्या कित्येक वाड्यांकडे जायची वाटही धड नसते. एका जोडणीचे बिल थोडे, आणि ते काढण्याचा खर्च त्याच्या तोडीचा.

1970 च्या दशकात मंडळाने यातून सुटका करून घेतली. पंपाच्या अश्वशक्तीवर, म्हणजे एचपीवर, ठोक दर सुरू झाला. पाच एचपीच्या पंपाला पाच एचपीचे बिल, मग तो दिवसाला दोन तास चालो की आठ. कालव्याच्या पाण्याला लावलेला एकराचा नियमच आता विजेला लागू झाला. वर्षभरातला वापर मोजायचा नाही, वापरायची क्षमता धरायची.

परिणाम दोन्ही बाजूंना झाले. पाच एचपीची मोटर विजेच्या बाजूने साधारण साडेचार-पावणेपाच किलोवॅट ओढते. आठ तास चालली, तर सदतीस-अडतीस युनिट. वापर कितीही झाला तरी बिल तेच म्हटल्यावर पंप बंद करण्यात फायदा उरला नाही आणि 'ऑटो स्विच' लावून लाइट आली की मोटर आपोआप सुरू करायची पद्धत पडली. दुसरीकडे मोटरच्या पाटीवर 3 एचपी आणि आत वळण 5 चे, असा उद्योगही चालू झाला. बिल पाटीवरून येत असल्याने तो उघडा पडत नसे. आणि मंडळापुरते पाहिले, तर मोजमाप नसलेला मोठा वापर वहीत अंदाजाने लिहायचा, म्हणजे चोरी आणि गळतीही त्याच ओळीत लपवता येऊ लागली. 'शेतीचा वापर' हा आकडा पुढे वादाचा झाला, त्याचे मूळ इथे आहे.

टाँग टेस्टरवाला

सरकारने मोजायचे थांबवले, तरी शेताच्या बांधावर प्रवाह मोजला जातच होता. त्याचे कारण बिल नव्हते, जळणारी मोटर होती.

पाच एचपीच्या तीन फेज मोटरला 415 व्होल्टवर प्रत्येक फेजमध्ये सुमारे आठ अँपिअर लागतात. एक फेज गेला, फ्यूज उडाला किंवा डीपीवरचा, म्हणजे रोहित्राच्या खांबावरचा, जंपर निसटला, तर मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर घुमत राहते आणि त्या फेजांतला प्रवाह पावणेदोन पटीकडे जातो. तेरा-चौदा अँपिअर त्या वळणांना सोसत नाहीत. थोड्या वेळात इनॅमलचा वास येतो, आणि मोटर बैलगाडीत किंवा टेम्पोत घालून रिवाइंडिंगवाल्याकडे न्यायची वेळ येते. तांब्याचा भाव वाढत गेला तसा हा फटकाही मोठा होत गेला.

राज्यात भारनियमनाचा काळ होता तेव्हा हे नित्याचे झाले. गावाला दिवे मिळावेत आणि पंप चालू नयेत म्हणून ठरावीक वेळी फक्त सिंगल फेज सोडला जाई. त्यावर तोडगा म्हणून शेतकरी कंडेन्सर लावून तिसरा फेज 'तयार' करत आणि मोटर चालवत. पाणी मिळे, पण तिन्ही फेजमधला प्रवाह सारखा राहत नसे. असा जुगाड किती महाग पडेल, हे सांगणारे एकच हत्यार गावात होते: वायरमनच्या पिशवीतला टाँग टेस्टर.

टाँग टेस्टर म्हणजे उघडता-मिटता येणारा सीटी. त्याचा जबडा उघडायचा, एका फेजची वायर आत घ्यायची, जबडा मिटायचा. तार न तोडता अँपिअर दिसतात. तिन्ही वायरी एकदम घेतल्या तर काटा शून्यावर, कारण तिघांचे चुंबकत्व एकमेकांना खोडते. नवशिक्याची पहिली चूक हीच. तीन वेगळे आकडे घ्यायचे आणि पडताळायचे. आठ, आठ, साडेसात ठीक. अकरा, सहा, नऊ म्हणजे कुठेतरी घोळ. मग ओव्हरलोड रिले पाटीवरच्या अँपिअरवर आणायची, सैल टोके घट्ट करायची, नाहीतर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवायचा.

ही मोजमापाची साधने महाराष्ट्रातही बनत होती. नाशिक रोडची मोटवाने कंपनी 1909 मध्ये स्थापन झालेली. 'शिकागो रेडिओ'च्या नावाने तिने स्वातंत्र्यचळवळीच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले, आणि पुढे तिचे मल्टीमीटर देशभर वापरले गेले. नाशिकमध्येच 1982 साली सुरू झालेल्या ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सने पॅनल मीटर आणि क्लॅम्प मीटर बनवत 2011 मध्ये पोलंडची लुमेल ही कंपनीही विकत घेतली. तरीही क्लॅम्प मीटर एका वायरमनकडे एक, आणि वायरमन अनेक वाड्यांत मिळून एक, अशीच स्थिती बराच काळ होती. प्रवाह मोटरजवळ कायम मोजत राहील असे काही परवडत नव्हते.

मिलिओहम आणि मिलिव्होल्ट

ही कोंडी फोडली ती सिलिकॉनने. प्रवाहाचे रूपांतर लहानशा व्होल्टेजमध्ये करायचे आणि ते चिपकडून वाचून घ्यायचे, एवढीच कल्पना. वाटा मुख्यतः तीन.

पहिली शंटची. प्रवाहाच्या वाटेत ज्ञात रोध ठेवायचा आणि त्याच्या दोन टोकांतला फरक मोजायचा. रोध एक ओहम ठेवला तर आठ अँपिअरला 64 वॅट उष्णता होईल; हे मीटर नव्हे, शेगडी झाली. म्हणून एक मिलिओहम. आता उष्णता 64 मिलिवॅट, पण संकेतही अवघा आठ मिलिव्होल्ट. तांब्याची पट्टी वापरावी म्हटले तर तापमान पंचवीस अंशांनी वाढताच तिचा रोध दहा टक्के वाढतो, म्हणजे दुपारी बिल जास्त. या दुखण्यावर एडवर्ड वेस्टनने 1892 मध्ये मँगॅनिन हा तांबे, मँगेनीज आणि निकेलचा मिश्रधातू शोधला, आणि तोच अजून मीटरांत आहे.

आठ मिलिव्होल्ट शंभरपट वाढवायला ऑपॅम्प, म्हणजे संकेत वाढवणारी चिप, लागतो. एलएम358 ही 1970 च्या दशकापासूनची चिप पुण्याच्या तपकीर गल्लीत आजही काही रुपयांत मिळते. पण स्वस्ताईची खोच इथेच आहे. या चिपचा स्वतःचा शून्यदोष साधारण दोन मिलिव्होल्टचा असतो. आठमधले दोन म्हणजे पंचवीस टक्के चूक. मोजायचा प्रवाह प्रत्यावर्ती असेल, तर हा स्थिर दोष कपॅसिटरने किंवा गणिताने गाळता येतो. बॅटरी किंवा सौर पॅनलचा एकदिश प्रवाह मोजताना ती पळवाट नाही. तिथे महाग चिप घ्यावी लागते, नाहीतर प्रत्येक मंडलाचे शून्य वेगळे लावावे लागते. शंटचा आणखी एक धोका असा, की सगळे मंडल मुख्य वीजवाहिनीला थेट जोडलेले राहते. डबा उघडून बोट लावले तर झटका 230 व्होल्टचा.

दुसरी वाट लहान सीटीची. तारेशी संपर्क नाही, म्हणून ती अधिक सुरक्षित. बाजारातला दोन हजार वळणांचा क्लॅम्प शंभर अँपिअरला पन्नास मिलिअँपिअर देतो. त्यावर 33 ओहमचा रोध टाकला, तर पूर्ण प्रवाहाला दीड व्होल्टच्या वर मिळतो. पाच एचपीच्या पंपाच्या आठ अँपिअरला मात्र जेमतेम 0.13 व्होल्ट. मोठ्या मापाचा क्लॅम्प लहान मोटरवर लावणाऱ्याला आकडा नाचताना दिसतो, तो यामुळे. शिवाय सीटी एकदिश प्रवाह मोजत नाही आणि कडक चुंबक जवळ आणला तर त्याचा गाभा भरून जातो.

तिसरी वाट एडविन हॉलची. अमेरिकेत संशोधन करताना त्याने 1879 मध्ये पाहिले की प्रवाह वाहणाऱ्या पातळ पत्र्यावर चुंबकीय क्षेत्र लावले की कडेकडेने बारीक व्होल्टेज उमटते. सव्वाशे वर्षांनी हा परिणाम नखाएवढ्या चिपमध्ये बसला. अलेग्रो कंपनीची एसीएस712 ही त्यातली विद्यार्थ्यांची लाडकी. आतून सुमारे 1.2 मिलिओहमची तांब्याची वाट, शेजारी हॉल संवेदक, दोहोंत विद्युतरोधक थर. तीस अँपिअरचा प्रकार प्रत्येक अँपिअरला 66 मिलिव्होल्ट देतो, आणि प्रवाह नसताना अडीच व्होल्टवर उभा असतो, म्हणून एकदिश आणि प्रत्यावर्ती दोन्ही कळतात. पाच व्होल्टला 1024 पायऱ्यांत वाचणारा साधा मायक्रोकंट्रोलर याला जोडला, तर एक पायरी 0.07 अँपिअरची पडते. पंपासाठी हे भरपूर. एलईडी दिव्याचा वापर मोजायला पूर्णपणे निरुपयोगी. स्वस्त मंडल चांगले की वाईट हे असे कामावर ठरते.

भोर तालुक्यात धांगवडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि तिथून पुण्याची तपकीर गल्ली महामार्गाने तासा-दीड तासावर. पूर्वी मीटर बनवायला लागणारे घड्याळजीचे कौशल्य आता लागत नाही. संवेदक, चिप, मोबाइलचा मोडेम आणि ते नीट जुळवणारी बुद्धी पुरते. पुण्यातल्या संतोष ओस्तवाल यांच्या ओसियन ॲग्रो ऑटोमेशनने बनवलेले 'नॅनो गणेश' हे त्याचे ठळक उदाहरण. शेतातल्या स्टार्टरला जोडलेला हा संच मोबाइलवरून पंप चालू-बंद करू देतो आणि लाइट आहे की नाही, पंप चालला की नाही, हे घरबसल्या कळवतो. रात्री-अपरात्री पंपावर चालत जाण्याचा त्रास त्याने वाचवला. 2009 मध्ये नोकियाच्या जागतिक नवकल्पना स्पर्धेत त्याची निवड झाली.

पुण्यातल्याच प्रयास या संस्थेच्या ऊर्जा गटाने मोजणीची दिशा उलटी केली. कंपनी ग्राहकाला मोजते. ग्राहकाने कंपनीला का मोजू नये? घरच्या सॉकेटला लावलेल्या लहान यंत्राने दर मिनिटाचा दाब नोंदवायचा आणि मोबाइल जाळ्यावरून पाठवायचा, अशी त्यांची वीजपुरवठा देखरेख योजना. वीज किती वेळ गेली, दाब किती खाली आला, याची नोंद त्यामुळे लोकांसमोर आली. ही योजना प्रवाहाऐवजी दाब मोजते, पण तिचा पाया तोच: मोजण्याचे यंत्र इतके लहान आणि स्वस्त झाले की ते कंपनीच्या हातातून बाहेर पडले.

अंदाज अजून संपलेला नाही

2003 च्या वीज कायद्याच्या कलम 55 ने दोन वर्षांच्या आत मीटरशिवाय वीज देणे बंद करायला सांगितले. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2006 च्या नियमांनी चकतीचे मीटर मागे टाकून इलेक्ट्रॉनिक, म्हणजे स्थिर मीटर बंधनकारक केले. घरांच्या दाराशी पांढरे डबे आले. त्यांपैकी कित्येकांत फेजवर शंट आणि न्यूट्रलवर सीटी असे दोन संवेदक असतात. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर कोणीतरी न्यूट्रल टाळून जमिनीतून परतीचा मार्ग काढला आहे, हे मीटर टिपून ठेवते. चकती अडवण्याचे, डबा कलता करण्याचे जुने प्रकार बाद झाले. चुंबकाचे आले, तसे चुंबक ओळखणारे मीटरही आले.

शेतीपंपांच्या बाबतीत मात्र लाखो जोडण्या एचपीवरच राहिल्या. जिथे मीटर होते तिथेही वाचन नियमित नव्हते. 2005 मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन आलेल्या महावितरणलाही शेतीचा वापर अंदाजानेच सांगावा लागत होता. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नेमलेल्या कार्यगटाने फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवरच्या, मीटरचे आकडे तपासले, आणि 2020 च्या दरआदेशात आयोगाने शेतीचा वापर महावितरणच्या दाव्यापेक्षा कमी धरला. जे युनिट शेतकऱ्याच्या नावावर दाखवले जात होते, त्यांतले काही गळती आणि चोरीचे होते, असा त्याचा सरळ अर्थ. हा अर्थ काढता आला तो मोजणीचे यंत्र फीडरपर्यंत पोहोचल्यामुळे.

त्यानंतर दोन घडामोडी झाल्या. घरांसाठी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याची मोठी योजना आखली गेली. राज्यभर विरोध झाल्यावर जून 2024 मध्ये सर्वसामान्य ग्राहकांवर त्यांची सक्ती होणार नाही, असे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले. आणि त्याच सुमारास मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेने साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे 44 लाख शेतीपंपांचे बिल एप्रिल 2024 पासून पाच वर्षांसाठी सरकारने उचलले. घरवाल्याला मीटर नको होता, कारण तो जास्त मोजेल अशी भीती. शेतकऱ्याला त्याची गरजच उरली नाही, कारण बिल दुसरा भरतो. दुसरा म्हणजे करदाता, आणि तो किती भरतो हे पुन्हा शेतीवापराच्या आकड्यावर अवलंबून आहे.

ही मोफत वीज योजना मार्च 2029 पर्यंत आहे. तोवर भोर आणि राजगड तालुक्यांतल्या प्रत्येक पंपावर मीटर बसावा, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. डोंगरातल्या विहिरीचा खर्च आजही खरा आहे. पण प्रत्येक शेती फीडरच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक मीटर आज आहेत किंवा सहज बसू शकतात, आणि डीपीवर बसवायचे सीटीचे मंडल आता कोणाच्या आवाक्याबाहेर नाही. महावितरणने दर महिन्याचे फीडरचे युनिट, थ्री फेज मिळालेले तास आणि दाबाची नोंद त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. ग्रामसभांनी हा ठराव करून मागणी नोंदवावी. आणि पंपधारकांनी, बिल शून्य असले तरी, हंगामाच्या सुरुवातीला वायरमनकडून तिन्ही फेजचे अँपिअर तपासून ओव्हरलोड पाटीप्रमाणे लावून घ्यावा. जळालेल्या मोटरचे रिवाइंडिंग कोणत्याही मोफत योजनेत बसत नाही.